रोजच्या मेकअपमध्ये भुवया कशा भराव्यात

भुवई नीट भरली असेल तर समोरच्याला ‘आज चेहरा टवटवीत दिसतोय’ इतकंच वाटतं. त्याची नजर थेट भुवयांवर गेली, तर हात जड पडला म्हणून समजायचं.

पहिल्यांदा पेन्सिल घेणारे बहुतेक जण आधी भुवईभोवती रेघ ओढतात आणि मग आतला भाग रंगवतात, रंगवहीतलं चित्र रंगवावं तसा. खऱ्या भुवईला अशी रेघ कुठेच नसते. तिची कड केसांच्या टोकांनी बनलेली असते, म्हणून जवळून पाहिली तर ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दाटपणाही सगळीकडे सारखा नसतो: नाकाकडची सुरुवात विरळ, मधला भाग दाट, शेपटी निमुळती. तेव्हा रंग द्यायचा तो केसांमधून दिसणाऱ्या त्वचेला, आणि तोही जिथे ती दिसते तेवढ्याच जागी. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

सुरुवातीचे काही दिवस दहा-बारा मिनिटं लागतील. हात बसला की तीन मिनिटांत काम होतं. ऑफिसला निघायच्या घाईत पहिला प्रयोग करू नका. रविवारी दुपारी करा, बिघडला तर पुसता येतो.

काय काय लागतं

- बारीक टोकाची आयब्रो पेन्सिल. फिरवून वर येणारी असेल तर उत्तम, टोक काढत बसावं लागत नाही.
- स्पूली, म्हणजे मस्काराच्या कांडीसारखा छोटा ब्रश. बऱ्याच पेन्सिलींच्या मागच्या टोकाला तो असतोच. नसेल तर संपलेल्या मस्काराची कांडी साबणाच्या कोमट पाण्यात स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून वापरा.
- पारदर्शक ब्रो जेल, म्हणजे भुवईचे केस जागच्या जागी बसवणारं जेल.
- टिश्यू, कॉटन बड आणि थोडी लूज पावडर.
- हवी असल्यास आयब्रो पावडर आणि तिरक्या कापाचा पातळ ब्रश. चमक नसलेली मॅट तपकिरी आयशॅडो घरात असेल तर वेगळी पावडर घ्यायची गरज नाही. तिच्यात जरासुद्धा चमक असेल तर मात्र ती उन्हात उघडी पडते.

पोमेड, म्हणजे डबीतलं मऊ मलम, पहिल्या दिवशी नको. त्यात रंग जास्त असतो, ते पटकन सुकतं आणि चुकलेली रेघ नुसत्या स्पूलीने फिकी होत नाही.

काजळाची पेन्सिल भुवईवर चालवणं ही आपल्याकडची जुनी सवय. काजळ डोळ्याच्या कडेवर सहज फिरावं म्हणून मऊ आणि तेलकट बनवलेलं असतं. भुवईवर तोच गुण नडतो: अंगच्या उष्णतेने ते वितळतं, घामाबरोबर पसरतं आणि दुपारपर्यंत पापणीवर काळपट छटा येते. आयब्रो पेन्सिल मेणामुळे कडक असते. दुकानात हाताच्या मागच्या बाजूवर ओढून पाहा. हलक्या दाबाने फिकट रेघ यायला हवी. पहिल्याच स्पर्शाला गडद रेघ उमटत असेल तर ती पेन्सिल सराव झालेल्या हातासाठी आहे.

पेन्सिल घ्यावी की पावडर? केस आहेत पण विरळ आहेत, तर पावडर छान बसते, कारण तिला धरायला केस असतात. एखाद्या जागी केसच नाहीत, किंवा लहानपणच्या जखमेचा व्रण आहे, तर तिथे पावडर टिकत नाही, पेन्सिल हवी. त्वचा खूप तेलकट असेल तरी पेन्सिलच, आणि ती वॉटरप्रूफ असावी.

१. शेड ठरवा

‘केस काळे, म्हणून पेन्सिल काळी’ हा हिशोब इथे चुकतो. काळा केस उन्हात धरला की गडद तपकिरी दिसतो, शिवाय दोन केसांमधून त्वचेचा रंगही डोकावत असतो. तिथे शुद्ध काळा रंग बसला की तो निळसर, कोळशासारखा वाटतो. काळ्या केसांना गडद तपकिरी शेड घ्या, केसांपेक्षा एक-दोन छटा फिकी. पाकिटावर ‘डार्क ब्राउन’, ‘ॲश ब्राउन’ किंवा ‘सॉफ्ट ब्लॅक’ अशी नावं दिसतील. पहिली पेन्सिल घेताना ॲश ब्राउनची गडद छटा सहसा फसवत नाही.

ॲश म्हणजे राखेची, थंड छटा. सौंदर्यप्रसाधनांतला तपकिरी रंग बहुधा लाल, पिवळ्या आणि काळ्या लोह ऑक्साईडच्या मिश्रणातून येतो. लाल जास्त असेल तर ट्यूबलाइटखाली चांगली वाटलेली शेड बाहेर पडल्यावर विटकरी दिसते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे विशेष जाणवतं. म्हणून हातावर रेघ ओढा, बोटाने पुसा आणि दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात काय उरलंय ते पाहा. मागे नारिंगी-तांबूस डाग राहत असेल तर ती पेन्सिल ठेवून द्या.

केसांना मेंदी किंवा रंग लावत असाल तर शेड केसांच्या मुळाशी जुळवा, टोकांशी नाही. मेंदीच्या केसांना शोभेल म्हणून तांबूस पेन्सिल घेतली आणि भुवयांचे केस मात्र काळेच, तर दोन्ही वेगळे दिसतात. भुवयांत पांढरे केस आले असतील तर करडी-तपकिरी, आणखी फिकी शेड घ्या. वय वाढल्यावर गडद भुवई चेहरा कठोर करते.

नवं उत्पादन थेट भुवईवर नको. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा. खाज, लाली आली तर वापरू नका.

२. उजेड आणि आरसा

खिडकीसमोर तोंड करून बसा, खिडकी पाठीशी नको. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात शेड कळत नाही आणि वरून येणाऱ्या उजेडात भुवईखाली सावली पडते.

मोठं करून दाखवणारा आरसा लांबच ठेवा. त्यात प्रत्येक फट दरीएवढी दिसते, ती बुजवण्याच्या नादात भुवई ठोकळा होते. साधा आरसा हातभर अंतरावर धरा. लोक तुम्हाला त्याहून जवळून पाहत नाहीत.

३. त्वचा कोरडी करा

बहुतेकांच्या भुवया इथेच बिघडतात आणि दोष पेन्सिलीला जातो. क्रीम, सनस्क्रीन, फाउंडेशन लावताना थोडं भुवईतही जातं. डोक्याला तेल लावलं असेल तर ते कपाळावर उतरतं. या थरावर पेन्सिल घसरते, एका जागी रंग पकडते आणि दुसऱ्या जागी सोडते.

सनस्क्रीन लावून पाच-सात मिनिटं जाऊ द्या. मग भुवईवर टिश्यू ठेवून दाबा, घासू नका. कोरड्या स्पूलीने एकदा उलटं, एकदा सुलटं विंचरा, म्हणजे केसांत अडकलेलं क्रीम आणि फाउंडेशन निघेल. त्वचा तेलकट असेल तर बोटाच्या टोकावर येईल एवढीच लूज पावडर थोपटा. जास्त झाली तर केस पिठात बुडवल्यासारखे पांढुरके दिसतात.

४. तीन ठिकाणं पाहून घ्या

पेन्सिल चेहऱ्यावर सरळ, पट्टीसारखी धरा. रेघ ओढायची नाही, फक्त पाहायचं.

सुरुवात: नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर. भुवई साधारण इथे सुरू व्हावी.

कमान: समोर पाहत, नाकपुडीच्या त्याच कडेपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून जाणारी तिरकी रेषा. भुवई जिथे सर्वांत उंच असते ती जागा याच आसपास.

शेवट: नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून पुढे. शेपटी इथे संपावी.

हे माप म्हणजे कायदा नव्हे. नाक रुंद असेल तर पहिलं माप भुवया एकमेकींपासून फार दूर ढकलतं. तेव्हा नाक सोडा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वरची जागा धरा. टिकली लावत असाल तर ती आधी नेहमीच्या जागी लावा. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सारखी आहे का, हे कुठल्याही पट्टीपेक्षा लवकर कळतं.

आणखी एक पाहा. शेपटीचं टोक भुवईच्या सुरुवातीच्या खालच्या पातळीपेक्षा खाली गेलं तर डोळे उतरलेले, दमलेले वाटतात. तशी शेपटी लांबवण्यापेक्षा जरा आखूड ठेवलेली बरी.

माप आणि तुमची भुवई यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर भुवईचं ऐका. कमान नसलेल्या सरळ भुवईवर पेन्सिलीने कमान चढवली की केस एका दिशेला आणि रंग दुसऱ्या दिशेला जातो. लग्नातल्या फोटोंत ते निभावून जातं, रोजच्या उजेडात नाही.

५. विंचरा आणि फटी शोधा

सगळे केस वर विंचरा, खालची कड पाहा. मग सगळे केस खाली विंचरा, वरची कड पाहा. शेवटी त्यांच्या मूळ दिशेला आणा. आता कुठे त्वचा दिसते ते लक्षात ठेवा. बहुतेकांच्या भुवईत अशा दोन-तीनच जागा असतात: शेपटीचं टोक, कमानीच्या खालची बाजू, आणि पार्लरमध्ये आयब्रो करताना चुकून जास्त निघालेला एखादा तुकडा. बाकी भुवई ठीक असते, तिला हात लावायचा नाही.

विंचरताना केसांची दिशाही पाहून घ्या. सुरुवातीचे केस जवळजवळ सरळ वर जातात. मध्ये खालच्या कडेचे केस वर आणि कानशिलाकडे झुकतात, तर वरच्या कडेचे खाली आणि कानशिलाकडे. शेपटीत सगळेच बाहेर आणि थोडे खाली जातात. पेन्सिलीची प्रत्येक रेघ त्या त्या जागच्या केसांच्या दिशेने जाणार आहे.

६. भरा

पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरू नका, मागे, मध्यापलीकडे धरा. दाब आपोआप कमी होतो. करंगळी गालावर टेकवली की हात थरथरत नाही. फिरवून वर येणारी पेन्सिल एक-दोन मिलिमीटरच बाहेर काढा. जास्त काढली की तुटते.

सुरुवात शेपटीपासून किंवा कमानीखालून करा. नाकाकडून कधीच नाही. पेन्सिल पहिल्यांदा टेकते तिथे सर्वांत जास्त रंग सोडते, आणि भुवईची सुरुवात तर सर्वांत फिकी हवी. नवशिक्यांच्या भुवया चौकोनी, चिडल्यासारख्या दिसतात त्या बहुतेक वेळा या एका चुकीने.

रेघा आखूड ठेवा, तीन ते पाच मिलिमीटर. प्रत्येक रेघ मुळाशी टेकवा आणि टोकाकडे जाताना पेन्सिल उचलत जा, म्हणजे ती केसासारखी निमुळती होते. पुढेमागे घासू नका. दोन रेघांमध्ये त्वचेची बारीक फट राहू द्या. ती बुजली की भुवई स्टिकरसारखी दिसते.

शेपटीत पाच-सहा रेघा, कमानीखाली चार-पाच, मधल्या विरळ जागी लागतील तेवढ्या. वरच्या कडेवर शक्यतो काहीच नको; तिथली ठळक रेघ लगेच नजरेत येते. आता दुसऱ्या भुवईकडे वळा. एक भुवई पूर्ण करून मग दुसरी हाती घेतली, तर ती पहिलीशी जुळवायला गडद होते, मग पहिली फिकी वाटते, आणि असं करत दोन्ही जाड होत जातात. थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि दर वेळी आरशापासून एक पाऊल मागे.

दोन्ही भुवया हुबेहूब सारख्या करायच्या मागे लागू नका. प्रत्येकाच्या चेहऱ्याची एक बाजू किंचित वर असते. दाटपणा जुळवा, उंची आहे तशी राहू द्या.

सुरुवातीचा भाग सगळ्यात शेवटी. तिथे नव्याने रंग घ्यायचा नाही. भरलेल्या भागावरून स्पूली एकदा अलगद फिरवा आणि तिच्यावर जो रंग येतो तोच इथे सरळ वर फिरवा. अगदीच रिकामं असेल तर वर जाणाऱ्या दोन-तीन केसाएवढ्या रेघा, त्याही जेमतेम टेकवून.

पावडर वापरत असाल तर तिरका ब्रश डबीत एकदाच टेकवा आणि कडेवर आपटून जादा पावडर झाडा. तेवढ्यात एका भुवईचं काम होतं. ब्रश ओढण्यापेक्षा केसांच्या मुळाशी हलके दाबत जा. पेन्सिल आणि पावडर दोन्ही हवी असेल तर आधी पेन्सिल, वरून पावडर. मेणावर पावडर चिकटते. उलट केलं तर पेन्सिलीचं टोक पावडरने भरतं आणि रंग सोडेनासं होतं.

७. रंग मिसळा

स्वच्छ स्पूली केसांच्या दिशेने सात-आठ वेळा फिरवा. सुरुवातीला वर, मध्ये तिरकी, शेपटीवर फक्त एकदा आणि अलगद, नाहीतर आखलेलं टोक पुसलं जातं. स्पूली फिरवल्यावर रंग जवळजवळ निम्मा उतरल्यासारखा वाटेल. तसाच हवा. लगेच पुन्हा पेन्सिल उचलू नका. उरलेला मेकअप करा, लिपस्टिक लावा आणि मग भुवयांकडे पाहा. ओठांवर रंग नसताना भरलेली भुवई कायम एकतर कमी किंवा जास्त वाटते.

कड चुकली असेल तर कॉटन बडला थोडं मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप उतरवायचं पाण्यासारखं द्रव, लावून, पिळून, तेवढाच भाग पुसा. भुवईखाली कन्सीलरची (डाग झाकायच्या क्रीमची) पांढुरकी रेघ ओढून कड धारदार करण्याची पद्धत रोजच्यासाठी नाही. कोरलेल्या भुवया फोटोत सुंदर दिसतात, पण बसस्टॉपवरच्या उन्हात ती रेघ वेगळी उठून दिसते.

८. जेल

जेलची कांडी बाहेर काढताना बाटलीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी पुसा, वर टिश्यूलाही टेकवा. कांडीवर जेल दिसेनासं झालं की ते पुरेसं आहे. जास्त जेल सुकल्यावर पांढरी पापुद्री सुटते आणि ती कोंड्यासारखी दिसते. जेल फक्त केसांवरून फिरवा, त्वचेवर दाबलं तर खालची पेन्सिल विरघळते. सुकेपर्यंत भुवईला हात लावायचा नाही.

तुमच्या भुवया मुळात दाट असतील तर पेन्सिल सोडूनच द्या. विंचरून तपकिरी छटेचं जेल फिरवलं की काम संपलं. पुरुषांनाही एवढंच पुरतं.

दिवसभरात काय बिघडतं

मुंबई-कोकणच्या दमट हवेत शेपटी आधी जाते, कारण तिथे केस कमी आणि घाम कानशिलाकडे ओघळतो. शेपटीवर पेन्सिलीनंतर किंचित पावडर दाबली तर ती बरीच टिकते. घाम टिपताना रुमाल दाबा, कपाळावरून आडवा ओढू नका.

दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालणाऱ्यांची अडचण वेगळी. कापड भुवईवर घासतं आणि उतरवताना शेपटी सोबत नेतं. त्यांनी घरून फक्त विंचरून निघावं आणि पोहोचल्यावर दोन मिनिटांत पेन्सिल फिरवावी. घरूनच भरायची असेल तर वॉटरप्रूफ पेन्सिल वापरा, आणि स्कार्फ पुढे ओढून मोकळा करून मग काढा.

चष्मा असेल तर तो घालून एकदा पाहा. काळी जाड फ्रेम भुवईच्या अगदी खाली येत असेल तर कमानीखालच्या रेघा निम्म्या करा, नाहीतर दोन काळे पट्टे एकावर एक दिसतात.

आयब्रो करून आल्यावर त्याच दिवशी पेन्सिल, जेल काही लावू नका. केस उपटल्यावर त्वचा लाल आणि नाजूक असते, त्यावर मेकअप गेला की आग होते, बारीक पुळ्या येतात. चोवीस तास जाऊ द्या. पार्लरमध्ये ‘नेहमीसारखं’ म्हणण्याऐवजी ‘फक्त खालचं साफ करा, वरची कड आणि सुरुवात सोडा’ असं स्पष्ट सांगा. चुकून जास्त निघालेले केस भरून यायला दोनेक महिने सहज जातात, कधी चारही.

आणि एक गोष्ट मेकअपच्या पलीकडची. भुवईचा बाहेरचा एक तृतीयांश भाग हळूहळू विरळ होत असेल तर त्यामागे थायरॉइड कमी पडणं हे एक कारण असू शकतं. अचानक गोल चट्टा पडून केस गेले तर ती चाई असू शकते. दोन्ही वेळा पेन्सिलीआधी डॉक्टर.

रात्री उतरवताना

कापसावर मायसेलर वॉटर घ्या, वॉटरप्रूफ पेन्सिलीसाठी खोबरेल तेलाचे दोन थेंबही चालतात. कापूस भुवईवर दहा-पंधरा सेकंद नुसता धरून ठेवा, मग केसांच्या दिशेने पुसा. तेल वापरलं तर नंतर फेसवॉशने चेहरा धुवा, नाहीतर सकाळी तिसरी पायरी पुन्हा अडते. उलटं घासलं की केस तुटतात, आणि उद्या भरायला एक फट वाढते.

स्पूली आणि ब्रश आठवड्यातून एकदा थेंबभर शाम्पूने धुऊन आडवे वाळवा. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी दांड्यात उतरतं आणि केस गळायला लागतात. जेलच्या बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो: उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहून ठेवा.